नव्या टीव्ही-फ्रिजबरोबर आलेल्या थर्माकोलचं नीट काय करायचं, इंदूरकरांसाठी

थर्माकोलबद्दल आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग पुढचं सगळं आपोआप समजत जाईल. ते जवळपास सगळं हवाच असतं. साधारण ९८ टक्के हवा आणि उरलेलं २ टक्के पॉलिस्टायरिन नावाचं प्लास्टिक, ज्याच्या बारीक दाण्यांना वाफेने फुगवून साच्यात दाबतात आणि आपल्या टीव्हीच्या चार कोपऱ्यांना बसतील असे ठोकळे तयार करतात. पॅकिंगच्या थर्माकोलचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा भला मोठा ठोकळा घेतला तरी तो वजनाला १५ ते ३० किलोच भरतो. आता हिशोब करा, छोटा हाथी टेम्पो अगदी वरपर्यंत रचून भरला तरी त्यात ८०-९० किलोच्या वर थर्माकोल जात नाही, आणि तोच टेम्पो लोखंड किंवा रद्दी घेऊन निघाला तर सातशे-साडेसातशे किलो आरामात ओढतो. डिझेल जवळपास तेवढंच लागतं, ड्रायव्हरची दिवसाची मजुरी तेवढीच.

म्हणून कबाडी, म्हणजे भंगारवाला, ते बघून नकारार्थी मान हलवतो. आमच्या इथे येणारा तर सरळ सांगतो, "मॅडम, इसमें वजन ही नहीं है." त्याचं काही चुकत नाही. लोकांना वाटतं की थर्माकोल रीसायकल होतच नाही, तर तसं अजिबात नाहीये, ते चांगलं रीसायकल होतं. ज्याच्याकडे कॉम्पॅक्टर मशीन असतं तो ते चाळीस-पन्नास पट दाबून किंवा गरम करून त्याच्या घट्ट लाद्या करतो, त्या लाद्यांचे परत प्लास्टिकचे दाणे बनतात आणि त्या दाण्यांपासून फोटो फ्रेमच्या पट्ट्या, आरशाच्या चौकटी, कपड्यांचे हँगर, शाळेतल्या मोजपट्ट्या असलं काय काय निघतं. घरात भिंतीवर लटकलेली सोनेरी नक्षीची फ्रेम लाकडाची वाटते ना, ती बऱ्याचदा याच प्लास्टिकची असते. अडतं ते तुमच्या घरापासून त्या मशीनपर्यंत नेण्याच्या खर्चात. हा खर्च परवडावा म्हणून माल चार गोष्टींत बसला पाहिजे, स्वच्छ, कोरडा, अखंड आणि भरपूर एकत्र. खाली जे जे सांगतेय ते सगळं या चारासाठीच आहे.

आधी ओळखा, कारण सगळं पांढरं म्हणजे थर्माकोल नाही

बॉक्स उघडला की आतून जे जे पांढरं निघतं ते आपण एकाच पिशवीत कोंबतो आणि निम्मा घोळ इथेच होतो. तुकडा हातात घ्या आणि वाकवा. कडक असेल, कट् करून मोडला आणि मोडलेल्या जागी साबुदाण्यासारखे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले, तर ते थर्माकोल. वाकतंय, दाबलं की दबतंय आणि सोडलं की परत जागेवर येतंय, काही केल्या मोडतच नाही, तर तो ईपीई फोम. लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना असतो तो, किंवा काचेच्या ग्लासांभोवती गुंडाळलेली ती पातळ मऊ शीट. हे पॉलिथिलीन आहे, पूर्णपणे वेगळं प्लास्टिक, आणि दोन्ही एकत्र वितळवले तर दोन्हीचा माल खराब होतो, म्हणून वेगळ्या पिशवीत ठेवा. कुठे त्रिकोणाचं चिन्ह छापलेलं सापडलं तर आत ६ म्हणजे पॉलिस्टायरिन आणि ४ म्हणजे तो मऊ पॉलिथिलीन फोम.

आजकाल मोबाइल, मिक्सर वगैरेच्या बॉक्समध्ये राखाडी खडबडीत ट्रे येतात, अंड्याचे ट्रे बनतात त्याच कागदी लगद्याचे, ते सरळ पुठ्ठ्यात द्या. आणि काही पार्सलांमध्ये बोटाएवढे फुगीर तुकडे भरलेले असतात, त्यातला एक पाण्याच्या वाटीत टाकून बघा, विरघळून गेला तर तो स्टार्चचा आहे, ओल्या कचऱ्यात टाकला तरी चालतो. तरंगत राहिला तर थर्माकोल.

पहिले काही दिवस फेकायचं नाही

नवी वस्तू आली की घरातल्या बायकांना (मी पण त्यातलीच) तो सगळा पसारा कधी एकदा बाहेर जातोय असं होतं, पण थांबा. रिप्लेसमेंटची मुदत असते, कुठे सात दिवस, कुठे दहा, बिलावर किंवा ॲपमध्ये लिहिलेलं असतं, तोपर्यंत बॉक्स आणि आतले ठोकळे जसेच्या तसे ठेवा. टीव्हीच्या बाबतीत तर मी म्हणेन की तुमची बदलीची नोकरी असेल, बँकेत असाल किंवा महूला आर्मीत असाल, तर ते कोपऱ्यांचे ठोकळे टीव्ही असेपर्यंत सांभाळा. त्या मॉडेलच्या साच्यात बनलेले असतात, पुन्हा मिळत नाहीत, आणि मोठ्या स्क्रीनचा टीव्ही नुसत्या चादरीत गुंडाळून ट्रकमध्ये टाकणं म्हणजे स्क्रीनची आशा सोडूनच देणं.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं तसं नाही, ते परत पॅक करताना कोणी मूळ ठोकळे वापरत नाही. तिथे सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जे पोरं डिलिव्हरीला आणि फिटिंगला येतात त्यांनाच सांगायचं की भैया, पॅकिंग घेऊन जा. पण हे दारात आल्यावर सांगितलं तर ते कटकट करतात कारण त्यांना पुढच्या चार डिलिव्हऱ्या असतात आणि गाडीत जागा नसते, म्हणून दुकानात पैसे देतानाच बोलून घ्या, सौदा पक्का होताना दुकानदार सगळ्याला हो म्हणतो. महाराणी रोडवर किंवा जेल रोडवर घेत असाल तर तिथे दुकानांत हा माल रोज ढिगाने निघतो, तुमचे दोन ठोकळे त्यांना जड नाहीत.

कापायचं कसं, आणि कमीत कमी कापायचं

हात थोडे शिवशिवतात, लहान मुलांना तर मोडायला फारच आवडतं, पण थर्माकोल कुस्करायचं नाही. एकदा दाणे सुटे झाले की खेळ संपला. ते हाताला चिकटतात, झाडूला चिकटतात, पंख्याच्या वाऱ्याने सोफ्याखाली जातात, बाल्कनीतून उडाले की थेट नाल्यात. आणि आपले नाले कुठे जातात ते माहितीये, कान्ह नदीत, कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळेला. २०२१ मध्ये आपल्या शहराला देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर म्हणून मान मिळाला तो नाल्यांवर एवढं काम झालं म्हणून, त्यात आपण दाणे सोडायचे हे मनाला पटत नाही. दाणा पाण्यात कुजत नाही, तो फक्त अजून बारीक होत जातो आणि माशांच्या, पक्ष्यांच्या पोटात जातो.

म्हणून ठोकळा जेवढा मोठा ठेवता येईल तेवढा ठेवा. अगदीच पिशवीत मावत नसेल तर कापा, आणि तेव्हा हे असं करा. पंखा बंद, खिडकी बंद. फरशीवर जुनी चादर किंवा मोठी पन्नी अंथरा आणि तिच्यावर पाण्याचा हलका शिडकावा मारा, म्हणजे जे काही सुटेल ते तिथेच बसेल. पेपर कटर घ्या, तो लांब पात्याचा, त्याचं पातं जास्त बाहेर काढा आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासून घ्या. करवत, हॅक्सॉ ब्लेड, दातेरी सुरी हे काही चालणार नाही, दाते दाणे उपटून काढतात. कटर एकाच दिशेने, न थांबता, लांब ओढायचा, पुढे-मागे घासायचा नाही. पहिल्या ओढीत अर्ध्या जाडीपर्यंत चीर पडली की पुरे, मग ठोकळा उलटा करून चिरेच्या मागून हाताने दाब द्या, तो सरळ रेषेत मोडतो आणि दाणे फार थोडे सुटतात. हात पात्याच्या रस्त्यात ठेवू नका, थर्माकोल मऊ असल्याने कटर एकदम सटकतो.

जे दाणे सुटलेच ते झाडायचे नाहीत, झाडलं की त्यांच्यात वीज येते आणि जास्तच उडतात. ओल्या फडक्याने टिपायचे, हाताला चिकटलेले असतील तर हात ओले करून घ्यायचे पण बेसिनमध्ये धुवायचे नाहीत, फडक्यावरच पुसायचे. मग ते फडकं वाळल्यावर पिशवीत झटकायचं. हिवाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा हा त्रास दुप्पट होतो, पावसाळ्यात कमी.

टेप, स्टिकर, पत्त्याचं लेबल, लोखंडी पिना, सिलिका जेलच्या पुड्या सगळं काढा. टेप ओढताना वरचा थर निघून आला तरी हरकत नाही, तेवढा तुकडा टेपसकट सुक्या कचऱ्यात टाका. ओलं झालेलं असेल तर सावलीत वाळू द्या.

द्यायचं कोणाला

निगमची गाडी. आपल्याकडे हे सुख आहे, गाडी रोज दाराशी येते आणि कचऱ्याचे कप्पे वेगळे असतात, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-कचरा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून आपण जे वर आहोत ते याच वेगळं करण्यावर. थर्माकोल ओल्यात कधीच नाही, हे तर झालंच, ते प्लास्टिकच्या कप्प्यात घालायचं की सुक्याच्या ते गाडीबरोबरच्या भैयाला किंवा दीदीला विचारा, ते सांगतील तसं. मोठा ठोकळा असेल तर गाडी अर्धी त्यानेच भरते आणि पुढच्या गल्लीचा कचरा मावत नाही, म्हणून सगळं एका दिवशी देऊ नका, दोन-तीन वेळा करून द्या आणि पारदर्शक पिशवीत तोंड बांधून द्या, आतलं दिसलं की पुढे देवगुराडियाला, जिथे शहराचा कचरा जातो, सॉर्टिंगच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या बायांना ते उघडून बघावं लागत नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी तर देऊच नका, त्या दिवशी गाड्या तशाही ओसंडून वाहत असतात. खूपच जास्त असेल, घर बदललंय किंवा ऑफिसचं नवं फर्निचर आलंय, तर निगमच्या ३११ ॲपवर टाका किंवा झोनच्या दरोगाशी, म्हणजे सफाईवर देखरेख करणाऱ्याशी, बोला.

एक लक्षात घ्या, सुक्या कचऱ्यात दिलं म्हणजे नक्की रीसायकलच झालं असं नसतं. स्वच्छ, अखंड आणि पांढरं असेल तर वेगळं काढलं जाण्याची शक्यता, मळकं आणि चुरा झालेलं असेल तर ते बाकी जळण्याजोग्या कचऱ्याबरोबर सिमेंटच्या भट्टीसाठी जातं. तेही उघड्यावर पडण्यापेक्षा बरंच, पण फ्रेम किंवा हँगर होण्याची त्याची संधी गेली.

कबाडी. याच्याशी बोलायची एक युक्ती आहे. फ्रिजचा मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स त्याला हवा असतो, त्याला भाव आहे. तो देताना म्हणायचं की पुठ्ठ्याचे पैसे कमी दे पण हे थर्माकोल पण ने. बहुतेक वेळा तो नेतो. पण, आणि हा पण फार महत्त्वाचा आहे, त्याला आधी विचारा की तू पुढे कुठे देतोस. नाव-गाव सांगू शकला, अमुक गोदामात देतो म्हणाला, तर द्या. नुसतं "हो जाएगा" म्हणाला तर देऊ नका, कारण मग ते दोन कॉलन्या सोडून एखाद्या रिकाम्या प्लॉटवर पडतं आणि आपण आपल्यापुरते स्वच्छ झालो एवढंच.

ज्यांना लागतं ते लोक. हा मार्ग मला सगळ्यात आवडतो कारण त्यात मशीनचीही गरज नाही, वस्तू जशी आहे तशी परत कामाला येते. काचेची भांडी, क्रॉकरी, आरसे, मूर्ती विकणाऱ्या दुकानांना सपाट शीट आणि लांब पट्ट्या लागतात. पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांना तर नेहमीच. बाहेरगावी पार्सल पाठवणारे घरगुती धंदे आपल्यात भरपूर आहेत, चिवडा, लोणची, शेव पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्या मावश्या-काकू, बरण्या फुटू नयेत म्हणून त्यांना थर्माकोलचे कोपरे सोन्यासारखे वाटतात. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून बघा, संध्याकाळपर्यंत कोणीतरी येऊन घेऊन जातं.

सगळ्यांनी मिळून. खरं काम इथे होतं. एका घराचं थर्माकोल म्हणजे अर्धा-एक किलो, त्याच्यासाठी कोणी येणार नाही. पण वीस-तीस घरांच्या बिल्डिंगचं दोन-तीन महिन्यांचं एकत्र झालं, त्यात कोपऱ्यावरच्या दोन दुकानांचं मिळालं, की मग टेम्पोवाला यायला तयार होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याशेजारी एक सायकली ठेवायची जुनी खोली होती, तिथे दोन मोठ्या बोऱ्या टांगल्या आहेत, एकीवर स्केचपेनने लिहिलंय "फक्त पांढरं कडक थर्माकोल" आणि दुसरीवर "मऊ फोम", आणि सपाट शीट भिंतीला टेकून एकावर एक. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्या दिवसापासून नियम लावला की टेप लावलेला तुकडा दिसला तर तो ज्याचा असेल त्याच्या दाराशी परत. काकूंचा धाक असल्याने सगळे नीट आणतात. त्यांच्याशिवाय हे टिकलं नसतं असं मला मनापासून वाटतं, अशा कामाला एक तरी माणूस लागतो जो आठवण करून द्यायला कंटाळत नाही.

ठेवायच्या जागेबद्दल मात्र नीट ऐका. गच्चीवर नाही, उन्हाने वरचा थर पिवळा पडतो आणि हात लावला की पीठ झडतं, मग ते रीसायकललाही चालत नाही आणि वाऱ्याने सगळीकडे पसरतं. मीटरच्या बोर्डाखाली, इन्व्हर्टरशेजारी, गॅस सिलिंडरजवळ तर मुळीच नाही. थर्माकोल पटकन पेटतं आणि पेटल्यावर वितळून जळते थेंब खाली पाडतं. जिन्याची वाटही अडवू नका, आग लागली तर उतरायचा रस्ता तोच असतो. आणि आपल्याकडे खरेदी होते धनतेरसला, फटाके लगेच दोन दिवसांनी, म्हणजे घरात सगळ्यात जास्त थर्माकोल नेमकं रॉकेट उडायच्या वेळी असतं. त्या आठवड्यात खोलीला कडी लावा, खिडकी बंद ठेवा.

हे करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी

जाळू नका. थंडीत शेकोटीला, होळीत, कुठेही नाही. त्याचा काळा जाड धूर निघतो ना, त्यात काजळी असते, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि स्टायरिनची वाफ असते. स्टायरिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१८ मध्ये "बहुधा माणसाला कॅन्सर करणारं" या गटात टाकलंय. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर बंदी घातली, दंड साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,०००. सिमेंटच्या भट्टीत जळतं तर इथे का नाही असं कोणी विचारेल, तर तिथे तापमान १,४०० अंशांच्या वर असतं आणि तिथे धूर गाळायची सोय असते, अंगणातल्या शेकोटीत तसलं काही नसतं.

पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये विरघळवू नका. बघायला जादू वाटते, मोठा ठोकळा वाटीभर चिकट लगदा होऊन बसतो, आणि मग लोक त्याचा डिंक करून गळती बुजवतात. पण ती वाफ नाकात जाते, एका ठिणगीत भडका उडतो, तो लगदा अंगाला चिकटून जळतो, आणि रीसायकलसाठी ते प्लास्टिक कायमचं वाया. मुलं सायन्स प्रोजेक्ट म्हणून करायला मागतात, नाही म्हणा.

अळ्यांचा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल, थर्माकोल खाणाऱ्या मीलवर्म नावाच्या अळ्या. ते खोटं नाहीये, २०१५ मध्ये खरंच त्यावर चांगलं संशोधन प्रसिद्ध झालं. पण त्यात १०० अळ्यांनी दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम खाल्लं. तुमच्या फ्रिजचं अर्धा किलो संपवायला त्या शंभर अळ्यांना जवळपास चाळीस वर्षं लागतील. तो विषय प्रयोगशाळेत चालू दे.

ओल्या कचऱ्यात एकही दाणा जाऊ देऊ नका. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायच्या क्षमतेचा आहे, त्यातून गॅस निघतो आणि खत निघतं. थर्माकोलचा गॅस होत नाही, तो खतात जातो आणि खताबरोबर कोणाच्या तरी शेतात.

कुंडीच्या तळाला थर्माकोलचे तुकडे घालायचा सल्ला गच्चीवर बाग करणाऱ्यांत फार चालतो, कुंडी हलकी होते म्हणून. होते खरी. पण दोन-तीन वर्षांनी माती बदलायला कुंडी उलटी करा, मुळं त्या तुकड्यांत शिरलेली असतात आणि दाणे मातीत सगळीकडे मिसळलेले, ते निवडून काढता येत नाहीत. घालायचंच असेल तर अखंड तुकडे कांद्याच्या जाळीच्या पिशवीत गच्च बांधून घाला, म्हणजे एकदम उचलून काढता येतील. मी तर नारळाच्या शेंड्या घालते.

जेवणाची भांडी आणि जुनी मखरं

थर्माकोलच्या प्लेटा, वाट्या, ग्लास यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, सजावटीच्या थर्माकोलवर पण त्याच दिवसापासून. पॅकिंगचं थर्माकोल त्या यादीत नाही म्हणून ते अजून घरात येतंय. तरी कुठून तरी भंडाऱ्याला, म्हणजे सामूहिक जेवणाला, जुना साठा निघतोच. तेल-भाजी लागलेली प्लेट कोणी रीसायकल करत नाही, धुवून तेलाचा डाग जातही नाही, आणि ती रस्त्यावर पडली तर गाय अन्नाच्या वासाने प्लेटसकट खाते. शिवाय पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळे उकळता चहा आणि कढईतून काढलेली जिलेबी त्यात घालायची वस्तूच ती नाही. घरगुती कार्याला निगमच्या बर्तन बँकेतून स्टीलची भांडी मिळतात, तिथे चौकशी करा, मुंजीला, बारशाला, सत्यनारायणाला पुरतात.

आता मखर. आपल्या मराठी घरांत, रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत, माळ्यावर एखादं तरी जुनं थर्माकोलचं मखर पडलेलं असतंच, आजोबांनी कापलेलं किंवा कधीतरी राजवाड्याजवळून आणलेलं, सोनेरी रंग आणि टिकल्या लावलेलं. बाप्पाबरोबर विसर्जनाला ते पाण्यात कधीच सोडायचं नाही. त्यात जीव अडकलेला असतो हे मी समजू शकते, पण दर वर्षी माळ्यावर ते थोडं थोडं झडत असतं. रंग, जरी, फेविकॉल लागलेलं थर्माकोल रीसायकलच्या ढिगात चालत नाही, एक रंगीत तुकडा वितळताना सगळी लादी मळकी करतो. म्हणून आधी टिकल्या, आरसे, लाइटची माळ काढून घ्या, त्या पुढच्या वर्षी लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या मखराला लावता येतात. मागचा भाग, जो बऱ्याचदा कोरा पांढरा असतो, तो कटरने वेगळा काढून पांढऱ्याच्या बोरीत घाला, आणि रंगवलेला पुढचा भाग सुक्या कचऱ्यात द्या.

औषधांचे डबे

हे शेवटी सांगतेय पण ज्या घरात इन्सुलिन घेणारं माणूस आहे तिथे हाच मुख्य विषय आहे. इन्सुलिन ऑनलाइन मागवलं की दर वेळी जाड थर्माकोलचा झाकणवाला डबा येतो, आत निळ्या जेलच्या पिशव्या. हा डबा फेकण्याइतका टाकाऊ अजिबात नाही, बर्फ घातला तर तासन् तास थंड धरतो. ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारा, त्यांना गार औषधं घरपोच द्यायला असे डबे लागतात. लाइट गेली की इन्सुलिन सांभाळायला एक स्वतःकडे ठेवा, फक्त जेलची पिशवी इन्सुलिनला थेट टेकू देऊ नका, मध्ये नॅपकिन ठेवा, कारण इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. मे महिन्यात उज्जैन-ओंकारेश्वरला जाताना औषधं नेण्यासाठीही तोच. डब्याला आतून ओल राहिली की वास धरतो, म्हणून वापरल्यावर पुसून उघडा वाळवा. झाकण आणि डबा वेगळे झाले की मग कोणीच घेत नाही, तेव्हा दोन्ही सुतळीने एकत्र बांधून ठेवा, टेप लावू नका.